अडचणीचा माणूस : टॉम विल्सच्या चरित्राची प्रस्तावना

टॉम विल्स हे नाव मराठी वाचकाच्या कानावरून गेलेलं असण्याचं काही कारण नाही. त्याच्या हाताखाली खेळलेल्या एका माणसाचं नाव मात्र आपल्याकडच्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येऊन गेलं आहे. २०२० च्या डिसेंबरात ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला, कोहली मायदेशी परतला, आणि मेलबर्नच्या बॉक्सिंग डे कसोटीत संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे कप्तान म्हणून उतरला. त्याने ११२ धावा काढल्या, आपण आठ गडी राखून जिंकलो आणि सामनावीर म्हणून त्याला मुलाघ पदक मिळालं. हे पदक त्या वर्षी पहिल्यांदाच दिलं जात होतं. १८६८ साली इंग्लंडला गेलेल्या ऑस्ट्रेलियन आदिवासींच्या क्रिकेट संघाच्या कमरपट्ट्याला जे बक्कल होतं, त्यावरून ते घडवलेलं आहे आणि त्या संघातला सर्वांत मोठा खेळाडू जॉनी मुलाघ याचं नाव त्याला दिलेलं आहे. हाच मुलाघ १८६६ च्या बॉक्सिंग डेला याच मैदानावर खेळला, तेव्हा त्याच्या संघाचा शिक्षक आणि कप्तान टॉम विल्स होता.

इथवर ही खेळातली एक सुरस हकीकत आहे. पण त्या सामन्याच्या पाच वर्षं आधी क्वीन्सलंडमध्ये विल्सच्या वडिलांना आणि त्यांच्याबरोबरच्या अठरा जणांना आदिवासींनी ठार मारलं होतं, हे कळल्यावर हकीकतीला वेगळंच वजन येतं. ऐकणारा लगेच म्हणतो, काय मोठ्या मनाचा माणूस! बापाच्या खुनानंतर त्याच लोकांना जवळ केलं! गोष्ट इतकी सुबक बसते की ती खरी आहे का, हे विचारायचं राहूनच जातं. विल्सच्या नावावर अशा सुबक गोष्टी पुष्कळ आहेत. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा जनक ही एक. आदिवासींचा मित्र ही दुसरी. आणि अलीकडे पुढे आलेली तिसरी, आदिवासींचा मारेकरी. हे चरित्र लिहिताना सर्वांत जास्त वेळ गेला तो या गोष्टी बाजूला सारून कागदपत्रं काय म्हणतात ते पाहण्यात.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. विल्स आधी अडचणीचा म्हणून विसरला गेला आणि पुढे शंभर वर्षांनी सोयीचा म्हणून आठवला गेला. विसरणाऱ्यांना त्याचं दारू पिणं, लग्नावाचून संसार मांडणं आणि शेवटी स्वतःचा जीव घेणं लाजिरवाणं वाटत होतं. आठवणाऱ्यांना एक संस्थापक हवा होता, आणि तो आदिवासींच्या जवळचा असला तर दुधात साखर. दोन्ही वेळा माणूस बाजूलाच राहिला.

थॉमस वेंटवर्थ विल्स १९ ऑगस्ट १८३५ रोजी न्यू साउथ वेल्समध्ये, मोलोंग्लोच्या माळावर जन्मला. आजच्या कॅनबेरापासून हा भाग जवळ आहे. तेव्हा कॅनबेरा नव्हतंच. आजोबा एडवर्ड विल्स दरोड्याच्या गुन्ह्यात फाशीची शिक्षा झालेले. ती शिक्षा कमी होऊन १७९९ साली ते कैदी म्हणून सिडनीला आले आणि व्यापारात पैसा मिळवून मेले. वडील होरेशिओ बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेले, छापखान्यात वाढलेले, ऐन तरुणपणी एक वर्तमानपत्र चालवलेले. इंग्लंडहून आलेल्यांपेक्षा इथे जन्मलेले आम्ही गोरे कमी नाही, हा त्या पत्राचा सूर होता. मुलाला त्यांनी मधलं नाव दिलं तेही वसाहतीच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या विल्यम वेंटवर्थचं. कैद्याच्या नातवाला इंग्लिश सद्गृहस्थ करायचं, हा होरेशिओचा ध्यास होता. पुढच्या बऱ्याच गोष्टींची मुळं त्यात आहेत.

१८४० मध्ये होरेशिओ मेंढ्यांचे कळप हाकत दक्षिणेला, ग्रॅम्पियन्सच्या डोंगरांकडे आला. वाटेत ज्या टेकडीपाशी तळ पडला तिला त्याने नोहाच्या नावेच्या कथेवरून अरारत नाव दिलं. आज तिथे त्याच नावाचं गाव आहे. टेकडीला आधीपासून नाव असणार, कारण हा सगळा मुलूख जाबवुरुंग लोकांचा होता. लहानग्या टॉमला आसपास गोरी मुलं जवळजवळ नव्हती. तो जाबवुरुंग मुलांत खेळला, त्यांची भाषा बोलायला शिकला, त्यांची गाणी आणि हावभाव उचलले. याचे उल्लेख घरच्या माणसांनीच केलेले आहेत, त्यामुळे त्यावर शंका घ्यायला जागा नाही. त्याच वेळी त्याच कुरणावर मेंढ्या मारल्या जात होत्या, गोळ्या झाडल्या जात होत्या आणि त्या हिंसेच्या नोंदींत होरेशिओचंही नाव येतं. पोरगा ज्यांच्यात खेळत होता त्यांचीच जमीन बाप घेत होता. हे त्या पोराला किती कळत होतं, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. मी केलेला नाही.

१८५० मध्ये, पंधरावं संपायच्या आत, त्याला एकट्याला जहाजात बसवून इंग्लंडला रग्बी स्कूलमध्ये धाडलं. अभ्यासात त्याने काही उजेड पाडला नाही. वडिलांची पत्रं उपदेशाने ओसंडतात आणि मुलाची उत्तरं क्रिकेटने. त्याच्या पत्रांत पूर्णविराम-स्वल्पविरामांचा पत्ता नसतो. एक विषय दुसऱ्यात घुसतो, मधेच कोटी येते, वाचणाऱ्याला धाप लागते. मैदानावर मात्र सगळं जागच्या जागी. तो शाळेच्या क्रिकेट संघाचा कप्तान झाला, आणि रग्बीच्या फुटबॉलमध्येही, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळण्याची आणि समोरच्याच्या नडगीवर लाथ घालण्याची मुभा असलेल्या त्या धसमुसळ्या खेळात, त्याचं नाव झालं. शाळा सुटल्यावर तो केंट आणि लंडनच्या एमसीसीकडून खेळला. १८५६ मध्ये तर विद्यापीठात नाव दाखल नसताना केंब्रिजकडून ऑक्सफर्डविरुद्ध लॉर्ड्सवर उतरला. नियम त्याच्यासाठी वाकवले जात होते, आणि नियम वाकतात हे त्याच्या मनाने तिथेच घेतलं असावं.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो मेलबर्नला परतला. सोन्याच्या खाणींमुळे शहर फुगलेलं, पैसा खुळखुळणारा, आणि शेजारच्या न्यू साउथ वेल्सला क्रिकेटमध्ये हरवण्याची जबर हौस. एकवीस वर्षांचा, इंग्लंडमध्ये नाव काढून आलेला हा पोरगा व्हिक्टोरिया वसाहतीच्या गळ्यातला ताईत झाला. १८५८ च्या जानेवारीत त्याच्या कप्तानीखाली व्हिक्टोरियाने न्यू साउथ वेल्सला मेलबर्नमध्ये धूळ चारली. मेलबर्न क्रिकेट क्लबने त्याला चिटणीस केलं, आणि क्लबचे कागद व हिशेब यांचा त्याने असा काही गोंधळ करून ठेवला की थोड्याच दिवसांत दोघांचं फाटलं. पुढे आयुष्यभर हा क्लब आणि तो एकमेकांना सोडायचे आणि पुन्हा जवळ यायचे.

आता ज्या कागदासाठी तो आज प्रसिद्ध आहे त्याकडे येतो. १० जुलै १८५८ रोजी मेलबर्नच्या एका क्रीडा साप्ताहिकात त्याचं पत्र छापून आलं. क्रिकेटचा हंगाम संपला, खेळाडू हिवाळाभर सुस्तावतात. तेव्हा एक फुटबॉल क्लब काढावा आणि समिती नेमून त्याचे नियम करावेत, अशी सूचना त्याने केली. पत्राचा एवढाच भाग सहसा सांगितला जातो. पुढे त्याने असंही म्हटलं आहे की फुटबॉल जमत नसेल तर निदान बंदूक चालवण्याचा क्लब तरी काढा. म्हणजे आज लाखो लोक ज्या खेळावर जीव टाकतात तो त्याच्या जनकाच्या लेखी दोन पर्यायांतला एक होता. मला हा तपशील फार आवडतो. युगप्रवर्तक कामं करणारी माणसं ती करताना बहुधा पुढच्या आठवड्याचाच विचार करत असतात.

महिन्याभरात, ७ ऑगस्टला, स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर या दोन शाळांचा सामना सुरू झाला. एकेका बाजूला चाळीस पोरं. मैदान म्हणजे क्रिकेट मैदानालगतची झाडं असलेली मोकळी जागा. दोन पंच होते: एक विल्स आणि दुसरे डॉक्टर जॉन मॅकॅडम, ज्यांच्या नावावरून मॅकॅडेमिया या बीला नाव पडलं, ती आपल्याकडे हल्ली मिठाईच्या दुकानांत महागड्या सुक्या मेव्याबरोबर दिसते. एका दिवसात सामना संपेना. पुढे आणखी दोन शनिवारी, २१ ऑगस्टला आणि ४ सप्टेंबरला, तो चालू राहिला आणि एकेक गोलवर बरोबरीत सोडून दिला. आज मेलबर्न क्रिकेट ग्राउंडच्या बाहेर विल्सचा जो पुतळा उभा आहे तो याच सामन्यातला, पंचाच्या भूमिकेतला.

नियम झाले ते पुढच्या वर्षी, १७ मे १८५९ रोजी, क्रिकेट मैदानाजवळच्या परेड हॉटेलात. हॉटेलचा मालक जेरी ब्रायंट स्वतः क्रिकेट खेळणारा. टेबलाभोवती चौघे: विल्स, केंब्रिजला शिकलेले दोन पत्रकार, हॅमर्सली आणि थॉम्प्सन, आणि टॉम स्मिथ नावाचा डब्लिनला शिकलेला शाळामास्तर. समोर रग्बी, ईटन, हॅरो, विंचेस्टर या शाळांचे नियम. प्रत्येकाला आपल्या शाळेचं कौतुक, आणि विल्सला अर्थातच रग्बीचं. पण रग्बीचे नियम गुंतागुंतीचे, आणि मेलबर्नची जमीन उन्हाने तापून दगड झालेली. शाळकरी पोरांनी एकमेकांच्या नडग्या फोडल्या तर चालतं. पोटापाण्याला लागलेल्या माणसाला सोमवारी लंगडत कचेरीत जाणं परवडत नाही. हा व्यवहारी मुद्दा जिंकला आणि विल्स हरला. लाथा मारायला बंदी आली. अडखळवून पाडणं आणि ढकलणं तेवढं ठेवलं. कुणाच्या पायाने उडालेला चेंडू थेट झेलला तर झेलणाऱ्याने मार्क म्हणून ओरडायचं आणि त्याला निर्वेध किक मिळायची. जमिनीवरचा चेंडू उचलायचा नाही. चेंडू फेकायचा तर कदापि नाही. गोलमधलं अंतर दोन्ही कप्तानांनी ठरवायचं. आणि ऑफसाइडचा नियम मुळातच नाही. एकूण दहा कलमं. लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनने आपले नियम केले ते १८६३ साली, म्हणजे चार वर्षांनी.

यावरून दोन गोष्टी दिसतात. एक, विल्सला एकट्याला जनक म्हणणं हिशेबात बसत नाही. त्या टेबलावर त्याचं फारसं चाललं नाही, आणि आजच्या खेळाची ओळख असलेली गोष्ट, म्हणजे चेंडू घेऊन पळताना ठरावीक अंतरावर त्याचा टप्पा मारणं, ती १८६६ साली आली आणि तिच्यामागे त्याच्या नात्यातला हेन्री हॅरिसन होता. दुसरी, तरीही विल्स नसता तर ती बैठक झाली नसती. सूचना त्याची, नाव त्याचं, आणि इंग्लंडमधल्या कुठल्याही शाळेचा खेळ उचलून न आणता आपला स्वतंत्र खेळ करायचा हा आग्रहही, हॅरिसनच्याच आठवणींनुसार, त्याचा. सभ्य, देखणा, दीर्घायुषी हॅरिसन पुढे फुटबॉलचा जनक म्हणून मिरवला. विल्सचं मरण असं झालं की त्याला मिरवणं कुणालाच सोयीचं नव्हतं.

१८६१ साल आलं. इंग्लंडचा पहिला क्रिकेट संघ ऑस्ट्रेलियात येणार होता आणि वसाहतीतला सर्वोत्तम खेळाडू त्याच्याविरुद्ध खेळणार हे गृहीत होतं. होरेशिओने मात्र क्वीन्सलंडमध्ये नवी जमीन घेतली होती, आणि थोरल्या मुलाने बॅट ठेवून मेंढ्या सांभाळाव्यात अशी त्याची इच्छा होती. टॉमने बापाचं ऐकलं. दहा हजारांवर मेंढ्या, बैलगाड्या, नोकरांची बायकापोरं असा लवाजमा कित्येक महिने चालत ऑक्टोबरात कुलिन-ला-रिंगो या त्या जमिनीवर पोहोचला. काही सामान वाटेत मागे ठेवलं होतं. ते आणायला टॉमला दोन माणसांबरोबर पाठवलं. तो परतण्याआधी, १७ ऑक्टोबरच्या दुपारी, तळावरची मंडळी जेवणानंतर आडवी झालेली असताना गायिरी लोकांनी हल्ला केला. एकोणीस गोरे मारले गेले; त्यांत स्त्रिया आणि मुलंही होती. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात आदिवासींच्या हातून एका वेळी इतके गोरे कधी मेले नाहीत.

हल्ल्याचं कारण टॉमने स्वतः सांगितलं आहे, आणि ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. शेजारच्या मेंढ्यांच्या ठाण्याचा व्यवस्थापक जेसी ग्रेगसन याने मेंढ्या चोरल्याच्या संशयावरून गायिरींवर गोळ्या झाडल्या होत्या. त्याचा सूड विल्सच्या तळावर उगवला गेला, असं टॉम म्हणायचा. बापाचं प्रेत पाहून आलेल्या माणसाने दोष गोऱ्या शेजाऱ्यावर ठेवला, यात त्याची नजर किती साफ होती ते दिसतं. पण म्हणून त्याने आदिवासींना माफ केलं असं होत नाही. त्याच्या त्या दिवसांतल्या पत्रांत सुडाची मागणी धगधगते आहे. आणि सूड घेतला गेलाच. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या टोळ्यांनी आणि घोडेस्वार देशी पोलिसांनी पुढचे महिनोन्‌महिने गायिरी लोक टिपले. मेलेल्यांचा आकडा शेकड्यांत आहे. एकोणीस गोऱ्यांची नावं दगडावर कोरली गेली. गायिरींची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. हे पुस्तक विल्सचं चरित्र आहे, तरी ते प्रकरण केवळ विल्सच्या शोकाचं होऊ नये याची काळजी मी घेतली आहे.

टॉम लगेच पळाला नाही. मेंढ्यांच्या राखणीसाठी, भावांच्या मदतीने, तो तिथे राहिला. रात्री झोप येईना; उशाशी बंदूक. दारू वाढली. ठाण्याचा हिशेब, क्लबच्या हिशेबासारखाच, त्याच्या हातून सुटला आणि १८६४ मध्ये तो व्हिक्टोरियाला परत आला तो मेंढपाळ होण्याचं स्वप्न मागे टाकून. ग्रेग डी मूर यांनी २००८ साली त्याचं जे चरित्र लिहिलं त्यात या झोपमोडीला आणि दारूला आघाताच्या मानसिक परिणामांची बैठक दिली आहे. डी मूर व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यामुळे त्यांचा शब्द वजनाचा. मी फक्त एवढंच जोडेन की विल्स क्वीन्सलंडच्या आधीही चांगला पीत असे. सगळ्याचा भार एका दुपारवर टाकता येत नाही.

१८६६ च्या नोव्हेंबरात तो एडनहोपला पोहोचला. पश्चिम व्हिक्टोरियातल्या मेंढ्यांच्या ठाण्यांवर काम करणारे आदिवासी तरुण लोकर कातरण्याच्या मधल्या वेळात क्रिकेट खेळायचे आणि मालकांच्या संघांना हरवायचेही. विल्यम हेमन नावाच्या एका जमीनदाराने त्यांची छायाचित्रं मेलबर्नला पाठवली आणि बॉक्सिंग डेला मोठ्या मैदानावर सामना ठरला. त्यांना तयार करायला विल्सला नेमलं. लेक वॉलेसच्या काठी सराव सुरू झाला. मुलाघचं मूळ नाव उनारीमिन; उंच, शांत, बॅटीला अतिशय डौलदार. बुलॉकी, कझन्स, टारपॉट, संडाउन, जेलिको ही बाकीच्यांची मालकांनी ठेवलेली नावं. डिक-ए-डिक तर दोन वर्षांपूर्वीच प्रसिद्ध झालेला: रानात नऊ दिवस हरवलेली तीन गोरी मुलं माग काढून जिवंत शोधणाऱ्यांत तो होता. हे लोक जाबवुरुंग नव्हते, पण शेजारच्या मुलखातले, मिळत्याजुळत्या भाषा बोलणारे. विल्स त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलतो, हे मेलबर्नच्या बातमीदारांना नवलाचं वाटलं.

तो तिथे का गेला? पैशांची चणचण होती, हे एक. क्रिकेट शिकवणं एवढं एकच काम त्याला नीट येत होतं, हे दुसरं. या दोन कारणांनी काम भागतं. पण बालपणीची भाषा तोंडात पुन्हा आल्यावर त्याला काय वाटलं असेल हा प्रश्न उरतोच, आणि विल्सने त्याबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. वडिलांच्या मृत्यूचा आणि या संघाचा संबंध जोडणारं एक वाक्यही त्याच्या लेखणीतून आलेलं नाही. क्षमेची गोष्ट आपण तयार केली आहे. मला तर असं वाटतं की त्याच्या डोक्यात जाबवुरुंग सवंगडी, गायिरी मारेकरी आणि एडनहोपचे खेळाडू असे तीन वेगवेगळे कप्पे होते, आणि आपण ज्याला आज एक समाज म्हणतो तो त्याच्या लेखी एक नव्हताच. ज्याने त्या लोकांत राहून त्यांची भाषा शिकली त्याला त्यांच्यातले भेद आपल्यापेक्षा जास्त दिसणार.

२६ डिसेंबरला मेलबर्नच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास माणूस लोटला. विल्सचा संघ मेलबर्न क्रिकेट क्लबकडून नऊ गड्यांनी हरला, पण प्रेक्षक मुलाघवर आणि बुलॉकीवर खूश होते. क्रिकेटनंतर शर्यती झाल्या. टारपॉट शंभर यार्ड उलटा, पाठीकडे धावला आणि चौदा सेकंदांत पोहोचला. भाल्यांची, बूमरँगची प्रात्यक्षिकंही झाली. प्रेक्षक क्रिकेट बघायला आले होते की तमाशा, हा प्रश्न तेव्हाही होता आणि त्याचं उत्तर दोन्ही असंच आहे.

पुढची हकीकत वाईट आहे. गर्नेट नावाच्या एका ठेकेदाराने संघाला सिडनीला आणि तिथून इंग्लंडला न्यायचा करार केला. सिडनीत त्याचे चेक परत आले. ऐन सामन्याच्या वेळी पोलिसांनी विल्सलाच मैदानावरून उचललं. खेळाडू अडकून पडले, दारूच्या नादी लागले, आजारी पडले. त्या दौऱ्यापायी निदान चौघे दगावले. इथे विल्सची बाजू घेणं मला जमलेलं नाही. ज्या माणसाच्या स्वतःच्या हातातून पेला सुटत नव्हता तो त्यांचा राखणदार होता. सिडनीतला इंग्लिश व्यावसायिक चार्ल्स लॉरेन्स याने उरलेल्यांना हाताशी धरलं, विल्सला वगळलं आणि १८६८ मध्ये तेरा आदिवासींचा संघ इंग्लंडला नेला. परदेश दौऱ्यावर गेलेला ऑस्ट्रेलियाचा हा पहिला क्रिकेट संघ. ४७ सामने, १४ जिंकले, १४ हरले, १९ अनिर्णित. मुलाघने १,६९८ धावा काढल्या आणि २४५ बळी घेतले. किंग कोल हा खेळाडू लंडनमध्येच वारला. संघ परतला, आणि १८६९ मध्ये व्हिक्टोरियात असा कायदा आला की आदिवासींनी कुठे राहायचं, कुठे काम करायचं ते सरकार ठरवू लागलं. असा दौरा पुन्हा निघणं त्यानंतर अवघडच होतं.

विल्सच्या घसरणीचं एक कारण दारूइतकंच मोठं होतं आणि त्याची चर्चा कमी होते. त्या काळी क्रिकेटमध्ये दोन जाती होत्या: हौशी सद्गृहस्थ आणि पैसे घेऊन खेळणारा व्यावसायिक. ड्रेसिंगरूमपासून धावफलकावरच्या नावापर्यंत सगळं वेगळं. विल्स रग्बीत घडलेला सद्गृहस्थ, पण त्याला पोटासाठी क्रिकेटचेच पैसे लागत. मेलबर्न क्लबने त्याला पगार दिला तो व्यावसायिक न म्हणता शिक्षक म्हणवून. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. ना तो सद्गृहस्थांत पूर्ण बसला, ना कामकरी खेळाडूंत. होरेशिओने कैद्याच्या नातवासाठी जी जागा हेरली होती ती अशी निसटली.

आणि मग चेंडू फेकण्याचा आरोप. त्याची गोलंदाजी पहिल्यापासून संशयास्पद होती, पण जिंकून देत होता तोवर कुणी बोललं नाही. १८७० च्या दशकात हा आरोप सर्वांत कडवटपणे केला तो हॅमर्सलीने, परेड हॉटेलातल्या त्याच टेबलावर बसलेल्या जुन्या मित्राने, आता एका मोठ्या साप्ताहिकाच्या क्रीडा-संपादकाच्या खुर्चीतून. १८७२ मध्ये न्यू साउथ वेल्सविरुद्ध पंचाने विल्सचा चेंडू फेकीसाठी नो-बॉल दिला. विल्स आणि हॅमर्सली यांनी एकमेकांवर वर्तमानपत्रांतून जी चिखलफेक केली ती वाचवत नाही. विल्सचा शेवटचा मोठा सामना १८७६ चा. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये त्याच्या घरच्या मैदानावर इतिहासातली पहिली कसोटी झाली. तो त्यात नव्हता.

शेवटची वर्षं तो साराह बार्बर हिच्याबरोबर मेलबर्नबाहेर हायडेलबर्ग गावात राहिला. १८८० च्या मे महिन्याच्या सुरुवातीला दारू एकाएकी तुटल्याने त्याला भ्रम होऊ लागले. इस्पितळात नेलं, तिथून तो निसटला आणि दुसऱ्या दिवशी, २ मे रोजी, घरी त्याने स्वतःचा जीव घेतला. वय ४४. अंत्यविधीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती. आईने असा कुणी मुलगा आपल्याला नव्हताच असं एका वार्ताहराला सांगितलं म्हणतात. थडग्यावर शंभर वर्षं दगड नव्हता. १९८० साली मेलबर्न क्रिकेट क्लबने तो बसवला.

त्यानंतर सगळं भराभर झालं. पुतळा, सन्मान, चरित्रं. आणि वाद. आदिवासींत मार्नग्रुक नावाचा, पॉसमच्या कातड्याच्या चेंडूचा खेळ होता आणि त्यात चेंडू उंच उडवून झेलत. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधली उंच उड्या मारून झेल घेण्याची रीत विल्सने तिथूनच आणली, असं अनेकांना वाटतं. त्याने असा खेळ पाहिला असणं शक्य आहे, पण १८५९ च्या नियमांत त्याचा मागमूस नाही आणि त्या चौघांपैकी कुणी तसं म्हटलेलं नाही. पुरावा नसताना हो म्हणणं जसं चूक, तसं आदिवासी वाचकाला ही गोष्ट का हवीशी वाटते हे न कळणंही चूकच. ज्यांचा मुलूख गेला त्यांना निदान खेळात तरी आपला वाटा मागावासा वाटला, तर त्यात हसण्यासारखं काही नाही.

२०२१ साली मामला उलटा फिरला. शिकागो ट्रिब्यूनमध्ये १८९५ साली छापलेला एक मजकूर उजेडात आला. निनावी लेखक सांगतो की विल्सने क्वीन्सलंडमधल्या सुडात आपण स्वतः भाग घेतल्याचं त्याला सांगितलं होतं. घटनेनंतर चौतीस वर्षांनी, दुसऱ्या खंडात, नाव न देता छापलेली ही आठवण आहे. तपशिलांत चुका आहेत, पण काही तपशील असे आहेत जे विल्सला ओळखणाऱ्यालाच ठाऊक असतील. मी तो मजकूर खोटा मानत नाही आणि सिद्धही मानत नाही. सुडाची मागणी करणारी त्याची स्वतःची पत्रं उपलब्ध असताना या मजकुराने मला धक्का बसला नाही, एवढं मात्र खरं. ज्यांना बसला त्यांनी आधी क्षमेच्या गोष्टीवर विश्वास ठेवला होता.

वाचकाला एक व्यावहारिक सूचना. पुस्तकात फुटबॉल म्हटलं की तो आपल्या डोळ्यांसमोर येणारा खेळ नाही. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, प्रत्येक संघात अठरा माणसं, प्रत्येक टोकाला चार खांब, आणि हात-पाय दोन्हींचा वापर. १८५९ च्या कागदावरचा मार्क आजही त्यात आहे. दुसऱ्या भागाला हात घालण्याआधी इंटरनेटवर एखादा सामना पाहून घ्यावा. पहिली दहा मिनिटं काही कळणार नाही. ऑफसाइडची शिट्टी का वाजत नाही हे एकदा लक्षात आलं की बाकीचं आपोआप उलगडतं. धावफलकांचे तक्ते शेवटी वेगळे दिले आहेत. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी ते खुशाल सोडावेत, फक्त १८६८ च्या दौऱ्याचा तेवढा बघावा.